करारात ‘प्रशिक्षण’ लिहून घेताना

‘व्यवस्थापन कामगारांच्या कौशल्यविकासासाठी वेळोवेळी योग्य त्या प्रशिक्षणाची व्यवस्था करील.’ वेतनकरारात हे वाक्य घालायला कुणाचीच हरकत नसते, कारण त्याने कुणावर काही बंधन येत नाही. किती तास, कुणाला, शिफ्टमध्ये की शिफ्ट सुटल्यावर, त्या दिवसाच्या इन्सेंटिव्हचं काय, शिकून झाल्यावर ग्रेडचं काय, यातलं काहीच त्यात नाही. तीन-साडेतीन वर्षांनी करार संपतो आणि हेच वाक्य पुढच्या करारात जसंच्या तसं उतरतं. चाकण-भोसरी पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या मशीन शॉपमध्ये युनियनच्या कमिटीने या एका वाक्याच्या जागी दोन पानी कलम कसं आणलं आणि ते चालवताना काय काय आडवं आलं, ते इथे क्रमाने लिहितो आहोत.

काम मागणीपत्रापासून सुरू होत नाही, त्याच्या बरंच आधी सुरू होतं. मशीन किंवा कामाची पद्धत अशी बदलणार असेल की माणसं कमी व्हावीत, तर बदलाची २१ दिवसांची नोटीस द्यावी लागते. औद्योगिक विवाद अधिनियमात हे कलम ९-क मध्ये होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून कामगार संहिता लागू झाल्या, तरी औद्योगिक संबंध संहितेतही मुदत २१ दिवसांचीच आहे. पण नोटीस लागेपर्यंत मशीनची ऑर्डर गेलेली असते आणि शिकवण्याबद्दल बोलायची खरी वेळ टळलेली असते. नवी मशीन येणार हे शॉपमध्ये त्याआधी कळतं. मेंटेनन्सवाले फाउंडेशनची आखणी करतात, केबल ओढायची निविदा निघते, एखादा इंजिनिअर चाचणीसाठी मशीन बनवणाऱ्याकडे जाऊन येतो. ही चाहूल लागली की त्याच आठवड्यात व्यवस्थापनाला पत्र द्यायचं. विचारायचं एवढंच, की खरेदीच्या ऑर्डरमध्ये प्रशिक्षण किती दिवसांचं आहे, किती माणसांसाठी आहे, कुठल्या भाषेत आहे, आणि ऑपरेटिंग, सेटिंग (नव्या कामासाठी मशीन जुळवून लावणं), मेंटेनन्स वेगवेगळं धरलंय का. ऑर्डर निघण्याआधी हे दिवस वाढवून घेणं स्वस्त असतं. मशीन उभी राहिल्यावर त्याच इंजिनिअरला परत बोलवायचं म्हटलं की त्याचं वेगळं बिल येतं आणि मग ‘बजेट नाही’ हे उत्तर तयार असतं.

दुसरं काम म्हणजे कुणाला काय येतं याची स्वतःची यादी. कंपनीकडे एक यादी असतेच. आयएटीएफ १६९४९ (वाहनउद्योगाचं गुणवत्ता प्रमाणपत्र) घेतलेल्या जवळजवळ प्रत्येक कारखान्यात लाइनच्या तोंडाशी स्किल मॅट्रिक्स लावलेला असतो: आडवी कामांची नावं, उभी माणसांची नावं, प्रत्येक चौकटीत चार भागांचा गोल. पाव भरला म्हणजे शिकतोय, अर्धा म्हणजे देखरेखीखाली करतो, पाऊण म्हणजे एकटा करतो, पूर्ण म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. कल्पना चांगली आहे. ऑडिटच्या आदल्या आठवड्यात सुपरवायझर पेन घेऊन बसतो तिथे ती बिघडते. ऑडिटरला दाखवायचं म्हणून काही गोल उगाच भरतात, आणि ग्रेड द्यावी लागेल म्हणून काही मुद्दाम अर्धे ठेवले जातात. रोज चार सेटिंग करणारा माणूस कागदावर पाच वर्षं ‘ऑपरेटर’ राहतो तो असा.

म्हणून युनियनच्या यादीत दोन रकाने ठेवले: ‘येतं’ आणि ‘करायला मिळतं’. हे दोन वेगळे असले की भांडण कशाचं आहे ते लगेच दिसतं. येतं पण करायला मिळत नाही, तिथे प्रशिक्षण नको, बदली किंवा रोटेशन हवं. करतोय पण कागदावर नाही, तिथे ग्रेडचा विषय. येतच नाही, तिथे प्रशिक्षण. आणि पुरावा कारखान्यातच पडलेला असतो. प्रत्येक सेटिंगनंतर पहिल्या जॉबचा, म्हणजे मशीनवर केलेल्या पहिल्या भागाचा, तपासणी अहवाल भरतात, त्यावर सेटिंग कुणी केलं त्याची सही असते. सहा महिन्यांचे अहवाल काढून सह्या मोजल्या की मॅट्रिक्समधला अर्धा गोल खरा की खोटा ते समजतं. हे अहवाल व्यवस्थापनाला ग्राहकासाठी आणि ऑडिटसाठी जपून ठेवावेच लागतात, त्यामुळे ‘रेकॉर्ड सापडत नाही’ म्हणायची सोय नसते.

यादीसाठी माणसांशी बोलायचं ते युनियनच्याच माणसाने. एचआरने छापील फॉर्म वाटला तर सगळे सगळ्या ठिकाणी ‘येतं’ लिहितात, कारण ‘येत नाही’ लिहिणं म्हणजे स्वतःच्या हाताने बदलीचा अर्ज देणं. शिक्षण किती झालं, इंग्रजी येतं का, असले प्रश्नच काढून टाकले. त्याऐवजी कामावरचं विचारायचं: ‘अलार्म आला तर पहिल्यांदा काय बघतोस?’, ‘ड्रॉइंगवर टॉलरन्स (मापात चालणारा फरक) लिहिलेला नसेल तर कुठे शोधतोस?’, ‘ऑफसेट (टूलच्या मापातली दुरुस्ती) स्वतः टाकतोस की सेटरला हाक मारतोस?’ दहा मिनिटांत खरी अडचण बाहेर येते, आणि ती बहुतेक वेळा मशीनची नसते. दशांश चिन्हाची असते, उणे-अधिकची असते, स्क्रीनवरच्या इंग्रजी ओळीची असते. पन्नाशी ओलांडलेल्यांच्या बाबतीत पुष्कळदा चष्म्याची असते. ऑफसेट पेजवरचे आकडे बारीक आणि शॉपमधला उजेड वरून येणारा. म्हणून वर्ग सुरू करण्याआधी जवळच्या नजरेची तपासणी करून घेणं हे प्रशिक्षणाच्याच खर्चात धरायला लावलं. ओएचसीमध्ये (कारखान्यातल्या दवाखान्यात) डॉक्टर येतोच, जास्त काही लागत नाही.

ऑफसेटची गोष्ट जरा खोलात सांगायला हवी, कारण याच एका बटणावरून माणसांना मेमो मिळतात. फॅनक कंपनीच्या कंट्रोलवर वेअर ऑफसेटच्या, म्हणजे टूलच्या झिजेच्या दुरुस्तीच्या, पानावर टूलसमोर एक्सचा (व्यासाचा) आकडा असतो. समजा बोअर (जॉबचं आतलं भोक) करणाऱ्या टूलसमोर आधीच +०.१२ मिलिमीटर साठलेला आहे. टूल झिजत गेलं तसा तो वाढत आलेला. आता बोअर ०.०४ लहान आला. भर घालायची म्हणून ऑपरेटरने ०.०४ टाइप केलं. खाली दोन बटणं: ‘इनपुट’ आणि ‘+इनपुट’. ‘+इनपुट’ दाबलं तर बेरीज होऊन ०.१६ होतं, बोअर बरोबर येतो. नुसतं ‘इनपुट’ दाबलं तर आधीचं ०.१२ पुसून ०.०४ बसतं आणि पुढचा बोअर पाहिजे त्यापेक्षा ०.१२ लहान येतो. हा जॉब तरी वाचतो, पुन्हा लावून मोठा करता येतो. बाहेरच्या व्यासावर हीच चूक ऑफसेट उणे असताना झाली की जॉब जाड राहतो, तोही वाचतो. पण ०.१६ च्या ऐवजी ०.६० टाकलं किंवा बोअर लहान करताना उणे विसरलं की मटेरियल परत येत नाही, तो जॉब सरळ लाल डब्यात, म्हणजे भंगारात. शिवाय दशांश चिन्ह न देता नुसता ४ टाकला तर काही मशीन त्याला चार मायक्रॉन समजतात आणि काही चार मिलिमीटर, कारण ते पॅरामीटरवर ठरतं. एकाच लाइनवर अशा दोन तऱ्हेच्या मशीन शेजारी-शेजारी असू शकतात. हे कुणी न सांगता रात्रपाळीत उमगावं अशी अपेक्षा ठेवणं आणि नंतर ‘निष्काळजीपणा’ म्हणून पत्र देणं, हा प्रकार थांबवायचा तर कलमात लिहावं लागतं: ज्या कामाचं प्रशिक्षण दिल्याची कामगाराची स्वतःची सही नाही, त्या कामातल्या चुकीवर शिस्तभंगाची कारवाई होणार नाही. दोन पानांतलं सगळ्यात महागडं वाक्य हेच ठरलं. त्याच्यासाठी बैठका जास्त लागल्या, पैशासाठी कमी.

मागणीपत्रात कलम टाकताना आकडा आधी स्वतः करून न्यायचा. व्यवस्थापनाचा पहिला मुद्दा ठरलेला असतो, उत्पादन बुडेल. हिशेब साधा आहे. ४०० कामगार आणि माणशी वर्षाला २४ तास धरले तर ९,६०० तास होतात. आठ तासांच्या शिफ्टने भागलं की १,२०० हजेऱ्या. कामाचे दिवस ३०० धरले तर दिवसाला चार माणसं. तिन्ही पाळ्या मिळून चारशेत चार, म्हणजे शेकडा एक. रोजची गैरहजेरीच याहून जास्त असते आणि तरी लाइन चालते. हा कागद टेबलावर ठेवला की चर्चा ‘परवडतं का’ वरून ‘कसं करायचं’ वर येते.

यातलं खरं मर्म त्या चार माणसांच्या जागी कोण उभं राहणार यात आहे. चौदा जणांच्या लाइनवरून दोघांना वर्गात बसवलं आणि टार्गेट तेच ठेवलं, तर उरलेले बारा जण व्यवस्थापनाला नाही, त्या दोघांना शिव्या घालतात. पुढच्या बॅचला कुणी नाव देत नाही आणि मग ‘कामगारांनाच शिकायचं नाही’ असा शेरा मिनिट्समध्ये जातो. म्हणून कलमात पर्याय दोनच ठेवायचे: रिलीव्हर द्या, नाहीतर त्या प्रमाणात त्या शिफ्टचं टार्गेट कमी करा. ‘शक्यतो’ हा शब्द आत शिरू द्यायचा नाही. तो मसुद्याच्या तिसऱ्या वाचनात हळूच येतो.

इन्सेंटिव्हबद्दलही तसंच. प्रशिक्षणाचा दिवस कामाचा दिवस धरायचा एवढं पुरत नाही, कारण मूळ पगार मिळतो आणि इन्सेंटिव्ह जातो. मागच्या तीन महिन्यांची स्वतःची सरासरी किंवा त्या दिवशीची लाइनची सरासरी, जी जास्त असेल ती, असं लिहून घेतलं. नव्या मशीनवर हात बसेपर्यंतच्या काळालाही हेच लागू करायचं, नाहीतर हुशार माणूस हिशेब करून जुन्या मशीनवरच राहतो. तो चुकत नसतो.

वाटाघाटीत एक चाल येते तिच्यावर लक्ष ठेवायचं. प्रशिक्षणाचा सगळा खर्च माणशी दरमहा किती पडतो ते काढून तो ‘एकूण वाढी’च्या रकमेत मोजतात. म्हणजे गेट मीटिंगमध्ये जी रक्कम सांगायची, तिच्यातले काहीशे रुपये खिशात न येता वर्गात जातात. मशीनच्या ऑर्डरमध्ये आधीच धरलेला खर्च वेतनवाढीत पुन्हा मोजता येत नाही, हे सांगायला खरेदीबद्दलचं ते सुरुवातीचं पत्र उपयोगी पडतं.

मल्टिस्किलिंग हा शब्द ऐकला की जुन्या कमिट्या दार लावून घ्यायच्या, आणि त्यांचं बरोबर होतं. चार कामं शिकलेल्या माणसाला चार माणसांचं काम देता येतं. पण दार लावल्याने मशीन यायची थांबत नाही. येते, आणि तिच्यावर बाहेरून शिकलेला ट्रेनी उभा राहतो. त्यापेक्षा शिकणं घ्यायचं आणि माणशी मशीनची संख्या वेगळ्या कलमात बांधून टाकायची. त्यालाही हिशेब लागतो. समजा मशीनचा एका जॉबपासून पुढच्या जॉबपर्यंतचा सायकल टाइम ९० सेकंद, आणि त्यातलेच जॉब काढणं, लावणं, मोजणं मिळून माणसाचे ३५ सेकंद. दोन मशीनला ७० सेकंद लागतात, २० उरतात. तिसरी दिली की १०५ होतात, म्हणजे ९० च्या बाहेर. मग एकतर मशीन थांबते किंवा मोजणं गळतं. व्यवहारात मोजणंच गळतं आणि महिन्याभराने ग्राहकाची तक्रार येते. टाइम स्टडी दोन्ही बाजूंनी मिळून करायची आणि त्यात गेजने मोजायचा वेळ धरायचा, हे कलम प्रशिक्षणाच्या कलमाला चिकटूनच असावं. लांब ठेवलं की दोघांचा संबंध वाचणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

करार कुठल्या स्वरूपात करायचा हेही पाहिलं पाहिजे. कन्सिलिएशन ऑफिसरपुढे (समेट घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यापुढे) झालेला करार सभासद नसलेल्यांना आणि पुढे भरती होणाऱ्यांनाही लागू होतो. प्रशिक्षणाच्या बाबतीत हे फार कामाचं आहे, कारण सगळ्यात जास्त शिकायचं असतं ते नंतर येणाऱ्यांना. आरोग्य आणि सुरक्षिततेपुरता प्रशिक्षणाचा हक्क कारखाने अधिनियमात १९८७ च्या दुरुस्तीने कलम १११-क म्हणून आला होता: शक्य तिथे कारखान्यातच प्रशिक्षण मिळण्याचा किंवा मालकाने प्रशिक्षण केंद्रात पाठवण्याचा. फार थोड्या कमिट्यांनी तो कधी वापरला. संहितांनंतर कलमांचे आकडे बदललेत, तेव्हा मागणीपत्रात जुना आकडा टाकून हसं करून घेऊ नये. मजकूरच करारात उतरवून घ्यावा.

शिकण्याचं काम बघणारा युनियनचा वेगळा प्रतिनिधी असावा, ही कल्पना ब्रिटनमधली. तिथे १९९८ मध्ये युनियनांच्या शिक्षणकार्यासाठी सरकारी निधी सुरू झाला. २००२ च्या एम्प्लॉयमेंट ॲक्टने ‘युनियन लर्निंग रिप्रेझेंटेटिव्ह’ला पगारी वेळ मिळण्याचा हक्क दिला आणि तो एप्रिल २००३ पासून लागू झाला. अट दोन गोष्टींची: युनियनने त्याचं नाव मालकाला लेखी कळवायचं, आणि तो या कामासाठी प्रशिक्षित असायचा किंवा सहा महिन्यांत व्हायचा. इंग्लंडमधला निधी सरकारने २०२१ मध्ये बंद केला; पगारी वेळेचा हक्क कायद्यात राहिला. आपल्याकडे असा कायदा नाही, म्हणून कराराशिवाय गत्यंतर नाही. दर विभागाला एक प्रतिनिधी आणि त्याला आठवड्यातले दोन तास शिफ्टमध्ये मोकळे, एवढं मिळालं तरी काम उभं राहतं. माणूस निवडताना भाषण करणारा नको. पीएफचा फॉर्म भरायला, मुलाच्या ॲडमिशनचं विचारायला लोक आपणहून ज्याच्याकडे जातात, तो घ्यायचा. ‘मला ड्रॉइंग वाचता येत नाही’ हे त्यालाच सांगितलं जातं.

या प्रतिनिधींना तयार करायला जागा आहेत. केंद्रीय कामगार शिक्षण मंडळ १९५८ मध्ये स्थापन झालं, मुख्यालय नागपूरला. आता त्याचं नाव दत्तोपंत ठेंगडी राष्ट्रीय कामगार शिक्षण व विकास मंडळ. त्याची मूळ रचना तीन पायऱ्यांची होती: शिक्षणाधिकारी कामगार-शिक्षक तयार करणार, आणि कामगार-शिक्षक आपल्या कारखान्यात जाऊन बाकीच्यांचे वर्ग घेणार. मुंबईत परळला महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्थाही आहे. मशीनचं काही तिथे शिकवत नाहीत. पण करार कसा वाचायचा, बैठकीचं मिनिट कसं लिहायचं, पीएफ-ईएसआयचा हिशेब कसा तपासायचा, हे प्रतिनिधीला यायलाच हवं.

आता प्रत्यक्ष वर्ग. सगळ्यात आधी बसचं वेळापत्रक घ्यायचं. शिफ्ट सुटल्यावर दोन तास वर्ग ठेवला आणि कंपनीची बस गेली, तर तळेगाव-राजगुरुनगरकडे जाणारा माणूस दुसऱ्या दिवशी येत नाही. महिला कामगार पहिल्या दिवशीही येत नाहीत. वर्ग शिफ्टच्या आत, आणि तो शेवटच्या तासांत नको, पहिल्या तासांत. दमलेला माणूस फक्त हजेरीच्या कागदावर हजर असतो. तिसऱ्या पाळीवाल्यांना त्या दिवशी जनरल शिफ्टला बोलवायचं आणि आदल्या रात्री सुट्टी धरायची. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी प्रशिक्षण ठेवायला व्यवस्थापन फार उत्सुक असतं, मशीन रिकाम्या असतात म्हणून. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या झगड्यातून गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १० जून १८९० रोजी मिळाली. ती वर्गासाठी परत द्यायचं कारण नाही. फारच अडलं तर दुप्पट दर आणि बदली सुट्टी, आणि तेही अपवाद म्हणून लेखी.

बॅच आठ-दहाच्या वर गेली की मशीनभोवती मागे उभ्या असलेल्यांना पुढच्यांच्या पाठी दिसतात. मशीन देणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर येतो तो हुशार असतो, पण सगळी स्क्रीन एका दिवसात दाखवून जातो. त्याच्याकडे आधी आपले दोघे पूर्ण वेळ लावायचे, एक मुरलेला सेटर आणि एक शिकवायची हौस असलेला तरुण, आणि बाकीच्यांना त्यांनी शिकवायचं. त्यांना शिकवायला लावण्याआधी प्रत्येक काम कागदावर फोडून घ्यायचं: काय करायचं, त्यात जपायचं काय, आणि ते का. तिसरा रकाना भरताना मुरलेल्या माणसाचीही कसोटी लागते.

नमुन्यादाखल सॉफ्ट जॉ (चकमध्ये जॉब पकडणारे मऊ जबडे) बोअर करणं घ्या. जॉ बसवायचे: एक नंबरचा एक नंबरच्याच खाचेत, आणि तिन्ही सरेशनच्या (दातेरी खाचांच्या) सारख्याच दातावर, एक दात चुकला तरी जॉब मध्यावर बसत नाही. रिंग धरून जॉवर ताण आणायचा आणि मग बोअर करायचं. ताणाशिवाय बोअर केलं तर प्रत्यक्ष जॉब धरताना जॉ सरकतात आणि रनआउट येतो, म्हणजे जॉब फिरताना डुलतो. हायड्रॉलिक प्रेशर जॉबला लागतं तेवढंच ठेवायचं. बोअर एका प्रेशरवर आणि जॉब दुसऱ्या, असं झालं की मोजलेलं सगळं वाया. पातळ बुश (नळीसारखा जॉब) असेल तर प्रेशर जास्त झाल्यावर तो चकमध्ये गोल दिसतो आणि काढल्यावर त्रिकोणी होतो. व्हर्नियरला सापडत नाही, तीन ठिकाणी बोअर गेज लावला तरी चुकू शकतं, फिटिंगला कळतं. हे चार मुद्दे एका पानावर मराठीत लिहून मशीनच्या दारावर आतून लावले की सेटरला हाक मारण्याचं प्रमाण कमी होतं. अलार्मचंही तेच. त्या मशीनवर वरचेवर येणारे दहा-पंधरा अलार्म, त्यांचा अर्थ, आणि ‘आपण करायचं’ की ‘मेंटेनन्सला बोलवायचं’ एवढे तीन रकाने. सगळी यादी भाषांतरित करायला जाऊ नये, कुणी वाचत नाही.

परीक्षा संयुक्त असावी, म्हणजे विभागप्रमुख, क्वालिटीचा माणूस आणि युनियनचा प्रतिनिधी. तोंडी नको, मशीनवर. रिकाम्या मशीनवर टूल लावून, ऑफसेट घेऊन, पहिला जॉब टॉलरन्समध्ये काढून दाखवायचा. नापास झाला तर पुन्हा किती दिवसांनी, हे आधीच ठरलेलं हवं, आणि नापास झाल्याची नोंद वैयक्तिक फाइलमध्ये जाणार नाही हेही.

बाहेरच्या प्रमाणपत्राचं आकर्षण मोठं आहे आणि त्यात धोकाही आहे. प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत आरपीएल म्हणजे आधीच अवगत असलेल्या कौशल्याची तपासणी करून प्रमाणपत्र देण्याची सोय आहे आणि ती कारखान्याच्या आवारातही होऊ शकते. थोडं मार्गदर्शन, मग मूल्यमापन. अडचणी नेहमीच्या: आधारवरचं नाव आणि कंपनीच्या रेकॉर्डमधलं नाव जुळत नाही, आधारला जोडलेला मोबाइल मुलाकडे असतो आणि ओटीपी तिकडे जातो, प्रश्नपत्रिकेची भाषा आधी सांगून ठेवलेली नसते. या तीन गोष्टी नाव देतानाच तपासायच्या. धोका वेगळाच. पंधरा वर्षं सेटिंग करणाऱ्याला ऑपरेटरच्या भूमिकेत बसवून प्रमाणपत्र दिलं जातं, कारण एकच भूमिका निवडली की सगळ्यांचं एका दिवसात उरकतं. मग ग्रेडच्या वेळी तोच कागद समोर येतो: तुमचं प्रमाणपत्रच ऑपरेटरचं आहे. खालच्या भूमिकेचं प्रमाणपत्र घेण्यापेक्षा न घेतलेलं बरं.

ॲप्रेंटिसचा विषय या सगळ्याला लागूनच येतो. ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला ॲप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे, एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते १५ टक्के, आणि त्या मोजणीत कंत्राटी कामगारही येतात. कायद्याने ॲप्रेंटिस शिकाऊ आहे, कामगार नाही. त्यामुळे युनियनचा त्याच्याशी संबंध नाही असं सांगितलं जातं. पण तो मशीनवर एकटा उभा राहून पूर्ण टार्गेट काढत असेल, तर शिकतंय कोण? प्रशिक्षण समितीने महिन्यातून एकदा ॲप्रेंटिसच्या लॉगबुक बघायच्या, एवढं कलमात घातलं तरी फरक पडतो. शिकवणाऱ्या जुन्या कामगाराला त्यासाठी भत्ता मागावा. तो न मिळाल्यास निदान त्याच्या टार्गेटमधून तेवढा वेळ वजा व्हावा. कंत्राटी कामगारांना वर्गात बसवण्याचा प्रश्न मात्र अजून कुठल्याच कराराने नीट सोडवलेला आमच्या पाहण्यात नाही. सुरक्षेचं प्रशिक्षण त्यांना मिळतं. सेटिंग शिकवलं की कंत्राटदार बदलतो आणि माणूस शेजारच्या प्लॉटवर जातो, असं व्यवस्थापन म्हणतं. आणि युनियनमधले काही जण, स्पष्ट बोलायचं तर, हे ऐकून खूश असतात.

नव्या औद्योगिक संबंध संहितेत पुनर्कौशल्य निधी आला आहे. कामावरून कमी केलेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने १५ दिवसांचं वेतन भरायचं आणि ते कमी केल्यापासून ४५ दिवसांत त्या कामगाराच्या खात्यात जमा व्हायचं. खात्यात पैसे येतात, शिकवणारं कुणी येत नाही. १५ दिवसांच्या वेतनात पीएलसीचा (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचा) धड एक कोर्सही होत नाही. शिकायची वेळ नोकरी हातात असतानाच असते, म्हणून वाटाघाटीत हा निधी दाखवून कलम कापायला लागले तर तिथे नमू नये.

सगळं होऊनही अडतं ते ग्रेडवर. परीक्षा पास, मॅट्रिक्समध्ये पूर्ण गोल, आणि ग्रेड ‘व्हेकन्सी आल्यावर’. हे टाळायला कलमात ‘पास झाल्यापासून तीन महिने ते काम प्रत्यक्ष केल्यास’ असे शब्द हवेत. व्हेकन्सी हा शब्दच नको. तरी अडवलं तर आधी प्रशिक्षण समितीच्या बैठकीत विषय घेऊन मिनिटावर सह्या घ्यायच्या. नंतर विभागप्रमुखाला पत्र, त्यानंतर तक्रार निवारण समिती. २० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी ती असावीच लागते आणि तिच्यात दोन्ही बाजूंचे सदस्य समसमान असतात. पत्राला परीक्षेचा निकाल आणि पहिल्या जॉबच्या अहवालांच्या प्रती जोडायच्या. आणि फरकाची रक्कम तीन महिने पुरे झाल्याच्या तारखेपासून मागायची, तक्रारीच्या तारखेपासून नाही. तडजोडीच्या कागदावर ही तारीख गुपचूप पुढे सरकते आणि सहा-आठ महिन्यांचा फरक त्यात जातो, म्हणून सही करण्याआधी आकडा पाहण्याच्या अगोदर तारीख पाहायची.